हौसाबाईचा पाय आणि परक्याची पारख

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले दादा, तुम्हीही हात पुसून घ्या. देवाचं सांगून झालं, आता माणसाचं सांगतो. देवाचं ऐकताना तुमच्यातले निम्मे पेंगत होते — मी पाहिलं, माझा चष्मा जवळचा असला तरी नजर लांबची आहे. माणसाचं ऐकताना मात्र कुणी पेंगत नाही. शेजाऱ्याची फजिती म्हटली की माणूस अंथरुणातून उठून बसतो.

तर प्रश्न असा आहे. दुसऱ्यानं पाहिलं म्हणून आपण डोळे मिटावेत का? आणि मिटायचेच झाले तर एक मिटावा की दोन्ही?

सोपं करून सांगतो. तुम्ही वहाण घ्यायला जाता. ती दुकानदाराच्या पायात घालून बघता का? हसू नका, मावशी, उत्तर द्या. नाही बघत. आपला पाय पुढं करता, दोन पावलं चालता, अंगठा कुठं लागतो ते बघता. मग चार चाकांची वहाण घेताना कुणाचा पाय पुढं करता? तिथं तुम्ही फोन उघडता. तिथं एक चिकणाचोपडा माणूस गाडीत बसून म्हणतो — काय गाडी आहे हो. आणि तुम्ही म्हणता, झालं, देव पावला.

आता ऐका.

माणदेशात कुरणवाडी नावाचं गाव आहे. तिथं बिरूआप्पा मेटकरी राहतो. धंदा हेड्याचा. हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. विकणाऱ्याचा बैल घेणाऱ्याच्या दावणीला नेऊन बांधणारा माणूस. दोघांचे हात रुमालाखाली एकत्र आणायचे, बोटांनी सौदा करायचा आणि वर तोंडानं पावसापाण्याचं बोलायचं. बिरूआप्पाची नजर अशी, की सांगितलं तर तुम्ही म्हणाल बुवा फेकतात. शेजारच्या गावात बैल खोकला तर हा इथं बसून त्याचे दात सांगायचा. एकदा म्हणे गावात धुकं पडलं होतं, हाताला हात दिसत नव्हता. धुक्यातून नुसत्या खुरांचा आवाज आला, तर आप्पा म्हणाला, पांढरा आहे, डाव्या शिंगाला तडा आहे. धुकं निवळलं. पांढरा होता, डाव्या शिंगाला तडा होता. मी तिथं नव्हतो. पण ज्यानं मला सांगितलं, तोही नव्हता.

बिरूआप्पाचं एक वैशिष्ट्य होतं. तो खोटं बोलत नसे. चाळीस वर्षांत बाजारात त्याच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नाही. शिंगं चांगली असली की शिंगांवर बोलायचा. वशिंड चांगलं असलं की वशिंडावर बोलायचा. जे चांगलं नसेल त्यावर — बोलायचाच नाही. खोटं कशाला बोलायचं, गप्प बसता येतं की.

दऱ्याबा चव्हाण म्हणून एक जण त्याच्या शब्दावर बैल घेऊन गेला. चौथ्या दिवशी परत आला, बैलासकट.

म्हणाला, “आप्पा, ह्यो पाण्यात उतरत न्हाई. घोटाभर पाणी बघितलं की मागं सरतोय. माझं सगळं रान वढ्यापल्याड हाय.”

आप्पा तंबाखू मळत होता. मळतच राहिला. “शिंगं कशी हायती?”

“शिंगं झ्याक हायती.”

“चाल?”

“चाल बी झ्याक हाय. कोरड्यात.”

“मग मी खोटं काय बोललो? पाण्याचं तू इचारलं न्हाईस.”

दऱ्याबानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, “काय इचारायचं असतंय ते मला म्हाईत असतं, तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, आप्पा?”

आणि बैलाचा कासरा धरून निघून गेला. आप्पानं हे वाक्य बाजारात चार ठिकाणी हसून सांगितलं. चारही ठिकाणी माणसं हसली. मंडळी, हे वाक्य खिशात घालून ठेवा. पुढं लागणार आहे.

आता आप्पाच्या घरात येऊ. चपला बाहेर काढा.

घरात हौसाबाई. आप्पाची बायको. बाजारात चाळीस माणसांना फिरवणारा हा माणूस घरात तिच्यापुढं गोगलगाय. लेक लग्न होऊन बारामतीला गेलेली, म्हणजे घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी हौसाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा वाचवता आला नाही. पाय सरळच राहिला, मुसळासारखा. वाकत नाही. बसायचं तर खाटेवर, पाय पुढं ताठ करून. एसटीची पायरी चढता येत नाही. आप्पाचा बैल वाहायचा छोटा टेम्पो होता, त्याची केबिनही उंच. दोन वर्षं हौसाबाईनं उंबऱ्यापलीकडचं जग पाहिलं ते खिडकीच्या मापाचं.

आणि तिला एक भाऊ होता. म्हादबा. हिंगणीच्या माळावर वस्ती करून राहणारा, दीड-दोन तासांच्या वाटेवर. चाळीस भाऊबीजा तो सायकलवर आला. एकदा पंक्चर झाली तर सायकल खांद्यावर घेऊन आला, पण आला. गेल्या साली त्याचं अर्धं अंग गेलं. आणि आषाढात निरोप आला — हौसे, औंदा मला येणं होत नाही. तू ये. एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

हौसाबाईनं फोन लावला. “दादा, काय सांगायचंय ते सांग की.”

पलीकडनं म्हादबा म्हणाला, “फोनवर सांगण्यातली न्हाई गं. समोर बस, मग सांगतो.”

त्या दिवशी आप्पानं ठरवलं, गाडी घ्यायची. आणि मंडळी, इथं मी त्याला दोष देणार नाही. त्यानं गाडी मिरवायला ठरवली नाही. बायकोला भावाकडं न्यायला ठरवली. मनात माया होती. माणूस फसतो तो मायेच्या वेळीच फसतो. लोभाच्या वेळी तो सावध असतो.

दुसऱ्याच दिवशी इसाक मुलाणी दारात आला. इसाकची वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून भाडं मारायची गाडी — जुनी, चौकोनी, डब्यासारखी, बाजूला सरकणारं दार. हौसाबाईचा पाय मोडला तेव्हा ह्याच डब्यातून तिला आटपाडीला नेली होती. टाके काढायलाही ह्यातूनच.

इसाक म्हणाला, “वैनी, म्हादबामामाचा निरोप कळला. उद्या सकाळी चला. मधली शीट काढून टाकतो, पाय लांब करून बसा.”

हौसाबाई भिंत धरून उभी राहिली. “येते की. कुठली साडी नेसू?”

आप्पा म्हणाला, “थांब. वडापातनं जायाची न्हाई तू. माझ्या बायकूनं भावाच्या दारात कोंबड्यांच्या डब्यातनं उतरायचं? नवी गाडी घेतूय.”

इसाक म्हणाला, “घ्या की आप्पा. पण घ्यायच्या आधी वैनीला एकदा त्यात बसवून बघा. बुड टेकतंय का, पाय मावतोय का. एवढंच.”

सबंध आख्यानात शहाणपणाचं एकच वाक्य आहे, मंडळी, आणि ते ह्यानं फुकटात सांगितलं. म्हणून आप्पाला ते ऐकू आलं नाही. फुकटाचा सल्ला कानाच्या बाहेरच घुटमळतो. इसाकनं हेच जर कॅमेऱ्यापुढं उभं राहून, मागं संगीत लावून सांगितलं असतं, तर आप्पानं वहीत उतरवून घेतलं असतं.

आता आप्पानं गाडी पारखली कशी?

इथं हेड्यांची एक रीत सांगायला पाहिजे. हेडी स्वतःच्या दावणीचा बैल स्वतः पारखत नाही. न्हावी आपली हजामत दुसऱ्याकडून करून घेतो तसं. आपल्या घरात यायचं जनावर म्हटलं की नजरेत मोह येतो, खोट दिसत नाही, म्हणून दुसऱ्या हेड्याला बोलवायचं. तो पारखेल तो बैल डोळे मिटून बांधायचा. आणि त्यातली गोम अशी, की हेडी हेड्याला फसवत नाही. गिऱ्हाइकाला गुंडाळेल, सासऱ्याला गुंडाळेल, पण धंद्यातल्या माणसाला एकेक खोट दाखवेल. आप्पाच्या दावणीला चाळीस वर्षांत वाईट बैल आला नाही तो ह्याच रितीमुळं.

मग गाडीचा हेडी कोण?

लेकीनं दिलेल्या फोनवर आप्पाला तो सापडला. पुण्याचा निनाद करंदीकर. त्याच्या कार्यक्रमाचं नाव ‘गाडीपारखी’. आप्पा नाव वाचूनच मांडी घालून बसला. हा आपला माणूस. आपल्या जातीचा नव्हे, आपल्या धंद्याचा.

रोज सकाळी गोठ्यात धार काढता काढता फोन खुंटीला टांगायचा आणि निनाद बोलायचा. काय ती भाषा. “मंडळी, हिचा बांधा बघा. खांदे बघा. उभी राहिली की रस्त्याची मालकीण वाटते. आणि मागं उतरत गेलेलं हे छप्पर — नजर काढून टाकावी.” आप्पा म्हशीला म्हणायचा, ऐकलंस का, बांधा आधी बघितला. जाणकार हाय. निनादनं गाडी घाटात पळवली, कचकन थांबवली, खड्ड्यात घातली, बाहेर काढली. “जमिनीपासून उंची अशी, की कुठं घासणार नाही. आणि सीट? सीट तुम्हाला मिठी मारते.” आप्पाला उंची आवडली. बैलातही त्याला उंचच आवडायचा.

हौसाबाई खाटेवरून म्हणायची, “अवं, त्यो एकलाच बसतोय का सारखा?”

“पारखणारा एकटाच असतोय.”

“मागं कोण बसत न्हाई?”

“मागचं बी सांगितलंय. मागं दोन माणसं ऐसपैस.”

“बसलेली दावली का?”

“तुला त्यातलं कळत न्हाई.”

मंडळी, घराघरात हे वाक्य आहे. जिला बसायचं, तिला त्यातलं कळत नाही. ज्याला तिथं कधीच बसायचं नाही, त्याला मात्र सगळं कळतं.

आणि इसाकच्या गाडीसारखी एक डबागाडीही निनादनं दाखवली होती. तिच्यावर तो तीन मिनिटं बोलला, त्यातली दोन हसला. “दिसायला पावाची लादी. चालवताना झोप येते. ज्यांना आयुष्यात काही मजा नको, त्यांनी घ्यावी.” आप्पा खो खो हसला. हौसाबाई हसली नाही. ती त्या लादीचं दार बघत होती.

आप्पा सांगलीला गेला. गाडीचं नाव मी सांगणार नाही. का नाही, ते शेवटी कळेल. दुकानातली पोरगी नम्र होती. म्हणाली, “काका, चालवून बघा ना. घरच्यांना घेऊन या, बसवून बघा. आमच्याकडं त्यासाठी वेगळी गाडीच असते.”

आप्पा म्हणाला, “पारख झाली हाय, बाई.”

आणि विसाराचे आगाऊ पैसे देऊन मोकळा झाला. पोरगी म्हणाली, गाडीला मागणी फार आहे, चार महिने थांबावं लागेल. दिवाळीच्या पाडव्याला देऊ. आप्पाला त्याचाही आनंद झाला. ज्या बैलामागं चार गिऱ्हाइकं, तो बैल चांगलाच असणार. बाजारात चार खोटी गिऱ्हाइकं कशी उभी करतात, हे त्याला माहीत नव्हतं का? त्यानंच उभी केली होती, हयातभर. पण आता तो गिऱ्हाईक होता. गिऱ्हाईक झालं की माणसाची अक्कल दुसऱ्या खिशात जाते.

इसाक पुन्हा आला. “आप्पा, चार महिनं लांब हायती. तवर मी नेऊन आणतो वैनीला.”

आता इथं आप्पाच्या घरची दुसरी रीत आडवी आली. नव्या जोडीचा विसार दिला, की ती जोडी येईपर्यंत उसना बैल जुंपायचा नाही. येणारी जोडी रुसते म्हणतात. त्याच्या बापानं पाळली, आज्यानं पाळली.

“विसार दिलाय, इसाक. आता उसन्या गाडीत बसणं न्हाई.”

इसाक म्हणाला, “आप्पा, लोखंड रुसत नसतंय.”

“तू तुझा डबा सांभाळ.”

गेला तो.

भाद्रपदात म्हादबाच्या सुनेचा फोन आला. “आत्या, मामंजींची जीभ जड व्हायला लागलीया. निम्मं कळतंय, निम्मं न्हाई. लवकर या म्हणत्यात.”

हौसाबाई आप्पाकडं बघत राहिली. आप्पानं फोन घेतला आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, “त्यास्नी सांगा, दिवाळीला येतूय. नव्या गाडीतनं.”

दाराबाहेर चिंचेखाली इसाकचा डबा उभा होता. सरकतं दार उघडं होतं. आत एक शेळी बसली होती, पाय पसरून.

मंडळी, इथं मी थांबतो एक क्षण. पेटीवाले, सूर नका देऊ, नुसतं थांबा. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. भाऊ रोज एकेक शब्द गमावत होता. कुणाचा शब्द जातो तेव्हा कोणता आधी जात असेल? आपण म्हणू, आधी बिनकामाचे जात असतील. तसं नसतं. त्यात निवड नसते. आणि हौसाबाई रोज विचारायची, “आलं का पत्र कंपनीचं?” आणि आप्पा गोठ्यात बसून तीच गाडी पुन्हा बघायचा. आठ वेळा बघितली. प्रत्येक वेळी आवडली.

पाडवा आला. दुकानाच्या माणसानं गाडी दारात आणून दिली. तांबडी. हार घातलेली, चाकाखाली लिंबं. गाव गोळा झालं. हौसाबाईनं काठीवर रेलून ओवाळलं. गाडी खरंच देखणी होती, मी खोटं सांगणार नाही. बांधा होता. खांदे होते. रस्त्याची मालकीणच. त्या दिवशी कुणी आत बसलं नाही. पहिली बसणार ती हौसाबाई, आणि ती दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला.

भाऊबीजेची सकाळ. हौसाबाई हिरवी साडी नेसली. पिशवीत करंज्या, निरांजन, भावासाठी टॉवेल. आप्पानं पुढचं दार उघडलं.

सीट तिच्या कमरेच्या वर होती. बाईची उंची ती किती. डाव्या पायावर उभं राहून उजवा ताठ पाय आत घालावा तर तो दाराच्या कडेला अडे. पाठमोरं होऊन बसावं तर बुड टेकेना. आप्पानं पाट आणला. पाटावर उभं केलं. आता बुड टेकलं, पण ती मिठी मारणारी सीट — तिच्या दोन्ही कडा उचललेल्या, वाटीसारख्या. ताठ पाय त्या कडेवरून वळेना. सीट मागं सारली. मग पाय आत आला, पण टाच समोरच्या खणाला टेकून गुडघ्यावर सगळा भार. हौसाबाई ओरडली नाही. तिनं आप्पाचा दंड धरला, आणि तिची नखं कापडातून त्याच्या दंडात उतरली.

“मागं बघू,” आप्पा म्हणाला.

मागचं दार. ते नजर काढून टाकावी असं उतरतं छप्पर. ज्याचा गुडघा वाकतो, तो मान वाकवून आत जातो. जिचा वाकत नाही, तिला मान, कंबर, पाय, सगळं एकदम वाकवावं लागतं. तिचं डोकं छपराला आपटलं. एकदा. पुन्हा पाटावर चढवली. पुन्हा आपटलं. कपाळावरचं कुंकू छपराच्या कडेला लागलं, नव्याकोऱ्या रंगावर.

गाव बघत होतं. दोघं-तिघं पुढं झाले. “उचलून ठिवू का, आप्पा?”

हौसाबाई म्हणाली, “मी पोतं न्हाई.”

पुढं झालेले मागं सरले. आप्पानं इकडं तिकडं बघितलं. इसाक कुठं आहे? इसाक पहाटेच कोल्हापूरचं भाडं घेऊन गेला होता. सणाचा दिवस. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

हौसाबाई काठीवर उभी. तिनं अंगणाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं आप्पाचा टेम्पो होता, बैलांचा.

“फळी लावा,” ती म्हणाली.

“आँ?”

“बैल चढवायची फळी. ती लावा.”

“हौसा, त्यात श्याण हाय.”

“धुवा मग.”

मंडळी, बैलाचे पाय चढताना मोडू नयेत म्हणून आप्पानं ती फळी खास करून घेतली होती. रुंद, उताराची, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेली. सुताराला चार वेळा परत पाठवून, अंगुळ अंगुळ मोजून. बैलासाठी त्यानं माप घेतलं होतं. हे लक्षात ठेवा. बैलाच्या पायाचं माप ह्या माणसाकडं होतं.

हौसाबाई फळीवरून सरळ पायानं, काठी टेकत, वर चालत गेली. कुणी हात लावला नाही. वर खाट ठेवली. तिच्यावर ती पाय लांब करून बसली, साडीचा पदर डोक्यावर घेऊन, दावणीच्या कडीला धरून. ज्या कडीला आप्पा बैल बांधायचा. तांबडी गाडी अंगणात हार घालून उभी राहिली आणि टेम्पो निघाला. धूळ, धक्के. हिंगणीच्या माळावर पोरं धावत आली, बैल आला, बैल आला म्हणून. आत बघतात तर हिरवी साडी.

म्हादबा ओसरीवर खाटेवर होता. डोळे वाटेकडं. सुनेनं फळी धरली. हौसाबाई उतरत असताना सून हळूच म्हणाली, “आत्या, आठ दिस झालं. शब्द न्हाई आता. ऐकू येतंय. तुम्ही येणारच हायसा म्हणून कळवलं न्हाई.”

हौसाबाई खाटेशेजारी बाकावर बसली. समोर. जसं त्यानं सांगितलं होतं. निरांजन लावलं, ओवाळलं, टॉवेल त्याच्या खांद्यावर घातला. म्हादबाचे ओठ हलले. पुन्हा हलले. एक हात चालत होता, त्यानं तिचं मनगट धरलं आणि तो काहीतरी सांगत राहिला. बराच वेळ. आवाजाशिवाय. त्याला वाटत असावं की ऐकू जातंय. कारण तो मधेच हसला, एका बाजूनं.

हौसाबाई मान हलवत होती. व्हय दादा. व्हय.

परतताना आप्पानं टेम्पोपाशी विचारलं, “काय म्हणला?”

हौसाबाई फळीवर अर्ध्यात होती. थांबली.

“म्हाईत न्हाई,” ती म्हणाली, आणि वर चढली.

म्हादबा मार्गशीर्षात गेला. गोष्ट घेऊन गेला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, संपवा. नाही. अजून आप्पाचं बाकी आहे.

पौषात कळलं की निनाद करंदीकर आपल्या भागात आला आहे, पवनचक्क्यांच्या पठारावर, कुठल्याशा नव्या गाडीची पारख करायला. आप्पा तांबडी गाडी घेऊन गेला. तिच्यातला त्याचा तो पहिलाच प्रवास. पठारावर निनाद उभा होता, वाऱ्यात केस उडताहेत, एक जण कॅमेरा धरून. पोरगा वाईट नव्हता. तिशीचा, सहा फूट उंच, हसतमुख. आप्पाची गाडी बघून खूश झाला.

“काका, हीच घेतलीत? माझं बघून?”

“आठ येळा बघून.”

“मग, कशी आहे?”

आप्पा म्हणाला, “गाडी झ्याक हाय. माझ्या मालकिणीचा पाय वाकत न्हाई. तिला बसता आलं न्हाई.”

निनादचा चेहरा उतरला. खरंच उतरला. “अरे अरे. वाईट वाटलं, काका.”

“तू त्यात मागं बसला हुतास का?”

निनाद म्हणाला, “मागं... मागं माझ्या कॅमेऱ्यांची बॅग होती.”

“बॅगंला तरास झाला का?”

तो कसनुसा हसला. “काका, कंपनी आम्हाला गाडी देते तीन दिवस. डिझेल घालून. त्यात घाट, हायवे, शूटिंग. मी एकटा माणूस, मला सहा फुटाला जे वाटलं ते सांगितलं. पण मी त्यात खोटं काय बोललो, सांगा. इंजिन चांगलं आहे की नाही?”

“हाय.”

“ब्रेक?”

“ते बी झ्याक.”

“मग? पायाचं तुम्ही विचारलंच नाही. व्हिडिओखाली लिहून विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की.”

आप्पानं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. काय इचारायचं असतंय ते मला म्हाईत असतं तर... आणि ते वाक्य अर्ध्यात येऊन थांबलं. कारण ते त्याचं नव्हतं. ते दऱ्याबाचं होतं. आणि हे बाजारात चार ठिकाणी हसून सांगितलेलं वाक्य त्याच्या दातांमागं तसंच राहिलं.

त्यानं निनादकडं बघितलं. हेडी हेड्याला फसवत नाही, ही रीत ह्या पोराला कुणी सांगितली नव्हती. आणि सांगितली असती तरी आप्पा त्याच्यासाठी हेडी कुठं होता? गिऱ्हाईक होता. आठ वेळा बघणारं गिऱ्हाईक.

“पोरा,” आप्पा म्हणाला, “तू घरी कुठली गाडी वापरतोस?”

निनादनं कॅमेरावाल्याकडं बघितलं. कॅमेरावाला पवनचक्क्या बघत होता.

“घरी... आईबाबांसाठी एक जुनी आहे. ती... डबाच आहे तशी. आईला संधिवात आहे ना. दार सरकतं.”

आप्पा गाडीत बसला. सीटनं त्याला मिठी मारली.

मंडळी, ती गाडी अजून अंगणात आहे, ताडपत्रीखाली. मागच्या दाराच्या कडेवर कुंकवाचा डाग आहे. आप्पा पुसत नाही. हौसाबाई आता आठवड्याला इसाकच्या डब्यातून बाजाराला जाते, मधली सीट काढून. आप्पानं बैलबाजार सोडला नाही, पण आता घेणाऱ्याला तो आधी ओढ्यावर नेतो. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. खरं सांगणाऱ्याकडं गर्दी कधी होती?

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, पारखी वाईट. मी तसं म्हणालो नाही. त्याला इंजिन कळतं, तुम्हाला कळत नाही. इंजिनाचं त्याला विचारा. पण तुमच्या घरातला पाय त्याला माहीत नाही. तो पाय माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो गोठ्यात बसून फोन बघत होता. तुम्ही कुणासाठी घेता, त्याला आधी बसवा. त्याला चढता येतं का, उतरता येतं का, तेवढं बघा. मग जगातल्या सगळ्या पारख्यांचं ऐका. आणि ऐकताना एवढं विचारा, की ह्याच्या गाडीत डिझेल कुणी घातलंय?

कीर्तनकारालाही विचारा. माझ्याकडं बघून मान डोलवताय दोन तास, पण एकदा माझ्या डोक्याच्या वर बघा. हा मंडप, हे दिवे, हा ध्वनिक्षेपक, ह्याचा खर्च कुणी केला ते मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सांगलीच्या एका गाड्यांच्या दुकानाचं नाव आहे. तांबडी गाडीही छापली आहे. म्हणून मी तिचं नाव घेतलं नाही. मी खोटं काही बोललो का? नाही. तुम्ही विचारलं नव्हतंत.

आता घरी जा. घरात कुणीतरी काही सांगायचं राहिलं आहे म्हणून थांबलं असेल. चांगली गाडी येईपर्यंत त्याला थांबवू नका. मिळेल त्या डब्यात बसा.